अपग्रेड लिस्टमध्ये नंबर कसा लागतो? फ्रिक्वेंट फ्लायर्सना पडणारे नेहमीचे प्रश्न

स्टेटस, म्हणजे वारंवार उडणाऱ्याला एअरलाइन देते ती सिल्व्हर-गोल्डसारखी पातळी, मिळालं की सगळ्यात आधी डोक्यात येतं ते अपग्रेड, म्हणजे इकॉनॉमीच्या तिकिटावर पुढच्या महाग केबिनमध्ये सीट. मग एक दिवस अ‍ॅपमध्ये बघितलं तर गोल्ड असूनही आपण लिस्टमध्ये चौदावे, आणि सीट उरलीये एकच. असं का होतं, कोण आपल्या पुढे जातं, आपल्या हातात नेमकं किती असतं, हे प्रश्न इतक्या वेळा विचारले जातात की सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवलीयेत. नियम बदलत राहतात, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी आपल्या प्रोग्रामचं पान एकदा उघडून बघाच.

अपग्रेड प्रायॉरिटी म्हणजे नक्की काय?

पुढच्या केबिनमध्ये ज्या सीट विकल्या गेल्या नाहीत त्या कोणाला आधी द्यायच्या हे ठरवणारी रांग. ही रांग सिस्टिम लावते आणि एकामागून एक निकष तपासत लावते. आधी स्टेटस बघते. दोघांचं स्टेटस सारखं असेल तरच दुसरा निकष, तोही सारखा निघाला तर तिसरा. बऱ्याच जणांचा गोंधळ इथेच होतो, त्यांना वाटतं सगळ्या गोष्टींची बेरीज होऊन मार्क मिळतात, म्हणजे महाग तिकीट अधिक कार्ड अधिक सिल्व्हर मिळून आपण प्लॅटिनमच्या पुढे जाऊ. नाही जात. सगळ्यात स्वस्त पात्र तिकिटावरचा प्लॅटिनम हा सगळ्यात महाग इकॉनॉमी तिकिटावरच्या सिल्व्हरच्या पुढेच राहतो, कारण पहिल्याच निकषावर निकाल लागलेला असतो आणि पुढचं कोणी बघतच नाही.

प्रत्येक एअरलाइन स्टेटसवर फुकट अपग्रेड देते का?

नाही, आणि हे आधी समजून घेतलं तर निम्मी निराशा तिथेच संपते. रांगेतून आपोआप मिळणारं फुकट अपग्रेड ही मुख्यतः अमेरिकेतल्या एअरलाइन्सची पद्धत आहे, डेल्टा, युनायटेड, अमेरिकन, अलास्का, आणि तीही बहुतेक करून देशांतर्गत आणि जवळपासच्या रूटवर. अमेरिकन एअरलाइन्सचा अ‍ॅडव्हान्टेज प्रोग्राम १९८१ साली सुरू झाला, पाठोपाठ बाकीच्यांनीही आपापले प्रोग्राम आणले आणि पुढे अपग्रेड हे नेहमीच्या प्रवाशाला बांधून ठेवायचं मोठं आमिष झालं. युरोप, आखात आणि आशियातल्या बऱ्याच मोठ्या एअरलाइन्स मात्र कार्ड सोन्याचं असो की प्लॅटिनमचं, केवळ स्टेटस आहे म्हणून पुढे बसवत नाहीत. तिथे माइल्स खर्च करायचे, व्हाउचर लावायचं, बोली लावायची (पुढच्या सीटसाठी किती द्याल ते सांगायचं), रोख पैसे भरायचे, किंवा फ्लाइट ओव्हरबुक होऊन, म्हणजे सीटांपेक्षा जास्त तिकिटं विकली जाऊन, नशीब उघडायची वाट बघायची. लुफ्तान्साच्या फ्लाइटला गेटवर जाऊन 'माझा लिस्टमध्ये नंबर कितवा' असं विचारून काही उपयोग नाही, कारण त्या अर्थाची लिस्टच तिथे नसते.

अमेरिकेतल्या तीन मोठ्या एअरलाइन्समध्ये क्रम कसा लागतो?

तिन्हीकडे पहिला निकष स्टेटस. त्याच्या खाली प्रत्येकाची वाट वेगळी.

डेल्टामध्ये डायमंड, प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर अशी उतरंड आहे. एकाच पातळीवरच्या लोकांत आधी तिकिटाचा प्रकार बघतात, म्हणजे महाग भाड्याचा माणूस पुढे. त्यानंतर मिलियन मायलर (दहा लाख माइल्स पूर्ण केलेले) आहात का, डेल्टाचं रिझर्व्ह क्रेडिट कार्ड आहे का, कॉर्पोरेट करारावरचं तिकीट आहे का, या वर्षात एमक्यूडी (स्टेटससाठी धरले जाणारे डॉलर) किती जमवलेत, या गोष्टी येतात. रिक्वेस्ट कधी टाकली ते अगदी शेवटी.

अमेरिकनमध्ये सगळ्यात वर कन्सिअर्जकी, त्याला बोलावणंच यावं लागतं. मग एक्झिक्युटिव्ह प्लॅटिनम, प्लॅटिनम प्रो, प्लॅटिनम, गोल्ड. पातळी सारखी असेल तर अपग्रेडचा प्रकार, आणि मग गेल्या बारा महिन्यांत जमवलेले लॉयल्टी पॉइंट्स, ज्यांवर तिथलं स्टेटस ठरतं. इथे बारा महिने म्हणजे कॅलेंडरचं वर्ष नाही, आजपासून मागे मोजलेले बारा महिने, त्यामुळे तुमचा आकडा सतत हलत असतो. गेल्या वर्षी या महिन्यात भरपूर उडला असाल आणि आता थंड असाल तर तुम्ही हळूहळू खाली सरकत असता, कार्डावर स्टेटस तेच दिसत असलं तरी.

युनायटेडमध्ये ग्लोबल सर्व्हिसेस, मग वन-के, प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर. पातळीनंतर तिकिटाचा फेअर क्लास, म्हणजे भाड्याचा प्रकार सांगणारं अक्षर. आणि इथे एक गोष्ट फार कमी लोक वापरतात, प्रीमियर मेंबरचं (युनायटेडचं स्टेटस असलेल्याचं) तिकीट वाय किंवा बी क्लासचं असेल, म्हणजे पूर्ण भाड्याचं, तर जागा असल्यास रांगेत न लागता बुकिंग करतानाच अपग्रेड होऊ शकतं, वन-के मेंबरला एम क्लासवरही. ऑफिस महागडं फ्लेक्सिबल तिकीट काढून देत असेल तर तिकिटावरचं ते एक अक्षर नक्की बघा.

अपग्रेड विंडो म्हणजे काय? माझी विंडो उघडली तरी काहीच झालं नाही.

विंडो म्हणजे तुमच्या पातळीसाठी सिस्टिम सीट वाटायला कधीपासून सुरुवात करू शकते ती वेळ. डेल्टामध्ये डायमंड आणि प्लॅटिनमला उड्डाणाच्या १२० तास आधी, गोल्डला ७२ तास, सिल्व्हरला २४ तास. अमेरिकनमध्ये एक्झिक्युटिव्ह प्लॅटिनम १०० तास, प्लॅटिनम प्रो ७२, प्लॅटिनम ४८, गोल्ड २४. युनायटेडमध्ये वन-के ९६ तास, प्लॅटिनम ७२, गोल्ड ४८.

विंडो उघडली म्हणजे अपग्रेड झालं असं नाही, त्या क्षणापासून तुमचा विचार होऊ शकतो इतकंच. एअरलाइनने त्या वेळी एकही सीट वाटपासाठी सोडली नसेल तर वन-के सुद्धा तसाच लटकतो. खालच्या पातळीला याचा दुहेरी फटका बसतो, आधी वरचे लोक तीन-चार दिवस मिळतील त्या सीट उचलत असतात आणि सिल्व्हरची पाळी येते तेव्हा उरलेलं उरलेलं मिळतं. म्हणून सिल्व्हरवाल्यांनो, अपग्रेडवर ट्रिपचं प्लॅनिंग करू नका, मिळालं तर आनंदाने घ्या.

सीट मॅपमध्ये पुढे सहा सीट मोकळ्या दिसतायत, मग माझं अपग्रेड का होत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सीट मॅप म्हणजे कोणी कुठली सीट निवडली याचं चित्र. किती सीट विकल्या गेल्या याचं ते चित्र नाही. तिकीट विकत घेऊन सीट न निवडलेले लोक त्यात दिसत नाहीत, आणि काही सीट एअरलाइनने स्वतःच अडवून ठेवलेल्या असतात, त्या भरलेल्या दिसतात. खरा हिशोब इन्व्हेंटरीत, म्हणजे विकायच्या सीटांच्या यादीत असतो, आणि अपग्रेडसाठी त्यात वेगळा कप्पा असतो. युनायटेडमध्ये पीझेड आणि पीएन ही अक्षरं, अमेरिकनमध्ये सी. फर्स्ट क्लासच्या सहा सीट विक्रीला उपलब्ध असतील आणि अपग्रेडच्या कप्प्यात शून्य, हे अगदी रोजचं चित्र आहे. एक्सपर्टफ्लायरसारख्या सेवेवर हे कप्पे बघता येतात, ज्यांना खरंच रस आहे त्यांनी महिनाभर आपल्या नेहमीच्या रूटचे आकडे बघावेत, तुमच्या रूटवर सीट साधारण कधी सोडतात ते कळायला लागतं.

सीट का अडवून ठेवतात तर शेवटच्या दिवसांत कोणीतरी पैसे देऊन घेईल या आशेवर. आणि अलीकडे ती आशा खरी ठरतेय. पूर्वी देशांतर्गत फर्स्ट क्लासच्या बहुतेक सीट अपग्रेडमध्येच जायच्या, विकत घेणारे मोजकेच. आता भाड्यातला फरक कमी केलाय, अ‍ॅपमध्ये चेक-इन करताना 'इतके डॉलर भरा आणि पुढे बसा' अशी ऑफर येते, आणि लोक घेतात. डेल्टाच्या वरिष्ठांनी स्वतः गुंतवणूकदारांना सांगितलंय की आता त्यांच्या फर्स्ट क्लासच्या बहुसंख्य सीट विकल्या जातात. म्हणजे स्टेटसवाल्यांची संख्या वाढली आणि वाटायला उरणाऱ्या सीट कमी झाल्या. तुमचं काही चुकत नाहीये, मूळ गणितच बदललंय, आणि मला वाटतं हे प्रवाशांना उघडपणे सांगायला हवं, कारण स्टेटस विकताना अजूनही अपग्रेडचंच चित्र पुढे केलं जातं.

गेटवर शेवटच्या तासात नेमकं काय चालू असतं?

अ‍ॅपमध्ये किंवा गेटच्या स्क्रीनवर लिस्ट दिसते, आडनावाची पहिली काही अक्षरं आणि नावाचं एक अक्षर. वर केबिनची क्षमता आणि किती लोकांनी चेक-इन केलं तो आकडा. समजा पुढे १६ सीट आहेत, १५ बुक झाल्यात आणि १३ जणांनी चेक-इन केलंय. बाकीच्या दोघांचं काय? बहुतेक वेळा ते दुसऱ्या फ्लाइटने येतायत आणि ती लेट आहे. ते पोचले नाहीत तर एकाच्या ऐवजी तीन सीट सुटतात. म्हणून लिस्टमध्ये तिसरे असाल तर ही दोन माणसं तुमच्यासाठी फार महत्त्वाची.

बोर्डिंग सुरू झाल्यावरही नावं क्लिअर होत राहतात, म्हणजे लिस्टमधल्यांना सीट मिळत राहते. तुम्ही आपल्या मागच्या सीटवर जाऊन बसलात तरी एजंट आत येऊन नवीन बोर्डिंग पास देऊ शकतो, पण सगळे एजंट ते करतीलच असं नाही, दरवाजा बंद करायची घाई असते आणि उशीर झाला तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. त्यामुळे पहिल्या दोन-तीन नंबरात असाल तर गेटच्या आसपास राहा, फोनचं नोटिफिकेशन चालू ठेवा, आणि दर पाच मिनिटांनी काउंटरवर जाऊन विचारू नका. नम्रपणे एकदाच विचारलं तर पुरे. एजंटला लिस्ट डावलून कोणाला पुढे बसवायची मोकळीक जवळपास नसतेच.

सकाळी लिस्टमध्ये दुसरा होतो, दुपारी पाचवा. असं कसं?

कोणीतरी उशिरा आत आलं. आधीची फ्लाइट रद्द झाली आणि तिच्यातले वरच्या पातळीचे लोक तुमच्या फ्लाइटवर आले, किंवा कोणी त्याच दिवशी फ्लाइट बदलून घेतली. वेळ हा निकष सगळ्यात शेवटचा असल्यामुळे नंतर आलेला डायमंड सरळ डोक्यावर जाऊन बसतो. उलटंही होतं, पुढची माणसं दुसऱ्या फ्लाइटला निघून गेली की तुम्ही वर येता. स्वतः फ्लाइट बदलत असाल तर एवढं लक्षात ठेवा, आधी क्लिअर झालेलं अपग्रेड नवीन फ्लाइटवर आपोआप येत नाही, नव्याने रांगेत उभं राहावं लागतं.

सोबत बायको, नवरा किंवा मित्र असेल तर त्यालाही मिळतं का?

डेल्टा, युनायटेड, अमेरिकन तिन्हीकडे त्याच फ्लाइटवरच्या एका सोबत्याला तुमच्या स्टेटसच्या जोरावर रांगेत घेता येतं. मात्र दोघं एकाच पीएनआरवर (बुकिंग नंबरवर) असाल आणि सीट एकच सुटली तर काय होतं? सिस्टिमला दोन सीट हव्या असतात, एकच आहे म्हणून ती तुम्हाला ओलांडून पुढच्या एकट्या माणसाला ती देऊन टाकते. अनेकांना हे कळतही नाही की आपला नंबर आला होता आणि गेला.

यावर उपाय म्हणजे आधीच ठरवा. दोघांनी शेजारी बसणं महत्त्वाचं असेल तर एकत्र राहा आणि अपग्रेडची आशा कमी ठेवा. एकाला मिळालं तरी चालेल असं असेल तर फोन करून किंवा गेटवर सांगून बुकिंग वेगळं करून घ्या. पण ते करण्याआधी विचार करा, फ्लाइट रद्द झाली तर वेगळ्या पीएनआरवरच्या दोघांना वेगवेगळ्या फ्लाइट मिळू शकतात. लहान मुलं सोबत असतील तर मी तरी वेगळं करायला सांगणार नाही.

सर्टिफिकेट किंवा अपग्रेडचे पॉइंट वापरले तर रांग टाळता येते का?

कधी कधी, आणि लांबच्या आंतरराष्ट्रीय फ्लाइटवर हाच खरा रस्ता. वरच्या पातळीच्या मेंबरना एअरलाइन हे देते, युनायटेडचे प्लसपॉइंट्स, अमेरिकनचे सिस्टिमवाइड अपग्रेड, डेल्टाची ग्लोबल आणि रीजनल सर्टिफिकेट्स, एअर कॅनडाचे ई-अपग्रेड क्रेडिट्स. कप्प्यात जागा असेल तर बहुतेक ठिकाणी जागच्या जागी कन्फर्म होतं, कधी कधी कित्येक महिने आधी. जागा नसेल तर वेटलिस्ट, आणि त्या वेटलिस्टवर परत स्टेटसच चालतं.

माझं मत विचाराल तर ही सर्टिफिकेट्स दीड तासाच्या फ्लाइटवर घालवू नका. रात्रभराच्या फ्लाइटवर आडवं झोपायला मिळणं हे खरं मोल. आणि फ्लाइट निवडतानाच अपग्रेडची जागा असलेली निवडा, आधी तिकीट काढून मग जागा होईल म्हणून वाट बघत बसलात तर सर्टिफिकेट एक्स्पायर होईपर्यंत तसंच पडून राहतं.

क्रेडिट कार्डाने खरंच फरक पडतो?

पडतो, पण बरोबरीच्या लोकांत. डेल्टामध्ये रिझर्व्ह कार्ड हा बरोबरी फोडणारा एक निकष आहे. अमेरिकनमध्ये को-ब्रँड कार्डावरच्या (एअरलाइनच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच्या) खर्चाचेही लॉयल्टी पॉइंट्स मिळतात, म्हणजे कमी उडणारा पण कार्डावर खूप खर्च करणारा माणूस, दर आठवड्याला उडणाऱ्याच्या पुढे असू शकतो. सतत प्रवास करणाऱ्यांना हे खटकतं आणि त्यांचं खटकणं मला पटतं. पण फक्त अपग्रेडसाठी मोठी फी भरून कार्ड घ्यायचं असेल तर त्याच फीमध्ये किती वेळा पुढची सीट सरळ विकत घेता येईल ते आधी काढा.

बेसिक इकॉनॉमीवर अपग्रेड होतं का?

बेसिक म्हणजे सगळ्यात स्वस्त, बंधनांचं तिकीट, आणि त्यावर डेल्टा आणि युनायटेडमध्ये नाही, स्टेटस कितीही मोठं असो. स्वस्त म्हणून ऑफिसच्या पोर्टलवरून चुकून तेच तिकीट निघतं, तेव्हा बुकिंगच्या आधी नीट बघा.

कुठल्या फ्लाइटवर चान्स जास्त?

जिथे पुढे सीट जास्त आणि तुमच्यासारखे लोक कमी. सोमवारी सकाळी आणि गुरुवारी संध्याकाळी दोन मोठ्या हबमधल्या (एअरलाइनच्या मुख्य विमानतळांमधल्या) फ्लाइटवर सगळी कन्सल्टंट मंडळी असतात, तिथे प्लॅटिनमलाही घाम फुटतो. मंगळवार-बुधवारची दुपार, शनिवार, हे बरे. सुट्ट्यांच्या रूटवर स्टेटसवाले कमी असतात हे खरं, पण फिरायला निघालेली कुटुंबं पुढची सीट पैसे देऊन घेतात, त्यामुळे तिथे फार हरखून जाऊ नका.

विमान कुठलं ते नक्की बघा. युनायटेडच्या ७३७ मॅक्स ८ मध्ये पुढे १६ सीट, एम्ब्रेअर १७५ मध्ये १२, आणि पन्नास सीटांच्या सीआरजे-२०० मध्ये फर्स्ट क्लासच नाही, म्हणजे अपग्रेडचा प्रश्नच मिटला. एकाच रूटवर दोन वेळा असतील तर मोठ्या विमानाची घ्या.

पार्टनर एअरलाइनवर माझं स्टेटस चालतं का?

लाउंज, सामान, लवकर बोर्डिंग यासाठी हो. अपग्रेडसाठी बहुतेक नाही. स्टार अलायन्स गोल्ड किंवा वनवर्ल्ड एमराल्ड (एअरलाइन्सच्या गटांतल्या वरच्या पातळ्या) असण्यात अपग्रेडचा हक्क येतच नाही. अमेरिकन आणि अलास्कासारखे काही दोघांतले करार आहेत तेवढेच, आणि तिथेही स्वतःचे मेंबर आधी.

सूट-बूट घालून गेलं किंवा हनिमूनला चाललोय असं सांगितलं तर?

नाही हो. हे फार जुनं झालं. इकॉनॉमी ओव्हरबुक झाली की कोणाला तरी पुढे बसवावं लागतं, त्याला ऑपरेशनल अपग्रेड म्हणतात, आणि तिथेही नावं सहसा स्टेटस आणि भाडं बघूनच निघतात. स्टेटस नसलेल्याला ते मिळतं ते एकटा प्रवासी असल्यामुळे किंवा वेळेवर गेटवर हजर असल्यामुळे. एक माहिती जरूर ठेवा, युरोपियन युनियनच्या २६१/२००४ या नियमानुसार एअरलाइनने स्वतःहून वरच्या क्लासमध्ये बसवलं तर त्याचे जादा पैसे मागता येत नाहीत.

बोली लावायची ऑफर आली, लावू का?

आधी त्या वेळचं थेट अपग्रेडचं भाडं बघा, कधी कधी किमान बोली त्याच्या इतकी जवळ असते की बोलीत काही अर्थ उरत नाही. रक्कम बहुधा एका माणसाची आणि एका फ्लाइटची असते, दोघांची आणि जाऊन-येऊन समजून लोक फसतात. बोली स्वीकारली गेली तरच पैसे कापतात, पण एकदा कापले की परत मिळत नाहीत. स्टेटसच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या नंबरावर असाल तर थांबून बघायला हरकत नाही. झोप अत्यावश्यक असेल, उतरल्या उतरल्या काम असेल, तर रांगेच्या भरवशावर राहू नका, सीट विकत घ्या.

अपग्रेड झाल्यावर माइल्स जास्त मिळतात का?

फुकट अपग्रेड असेल तर नाही, विकत घेतलेल्या भाड्यावरच मिळतात. सामानाची मर्यादाही सहसा मूळ तिकिटाची.

अपग्रेड झालं होतं, मग विमान बदललं आणि परत मागे पाठवलं. भरपाई मिळते?

लहान विमान आलं की पुढच्या सीट कमी होतात आणि सगळ्यात आधी गदा फुकट अपग्रेडवाल्यांवर येते. त्यांनी त्या सीटचे पैसे दिलेले नसल्यामुळे मागायला फारसं काही उरत नाही. सर्टिफिकेट, पॉइंट किंवा माइल्स लावले असतील तर ते परत खात्यात आले का ते तपासा, कधी कधी आपोआप येत नाहीत आणि फोन करावा लागतो. पैसे भरून वरचा क्लास घेतला असेल तर गोष्ट वेगळी. त्याच युरोपियन नियमाखाली येणाऱ्या फ्लाइटवर खाली बसवलं तर अंतराप्रमाणे तिकिटाच्या किमतीच्या ३०, ५० किंवा ७५ टक्के परत मिळायला हवेत, आणि ते सात दिवसांत. बाकी ठिकाणी निदान भाड्यातला फरक मागा. दोन्ही बोर्डिंग पासचे फोटो काढून ठेवा, आधीचा आणि नंतरचा, आणि गेटवरच एजंटला बुकिंगमध्ये तशी नोंद करायला सांगा, नंतर क्लेम करताना ती नोंदच कामाला येते. आणि हो, अपग्रेड झालं त्या वेळी तुम्ही आधी निवडलेली एक्झिट रोची सीट सुटून दुसऱ्याला गेलेली असते, त्यामुळे मागे पाठवलं तर मधली सीट वाट्याला यायची शक्यता बरीच. काउंटरवर पहिली मागणी हीच करा की आधीची सीट किंवा तिच्यासारखी दुसरी द्या, पैशांचं बोलणं त्यानंतर.